शंटच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्रात तीन किमती आल्या आहेत. त्यांतली कोणती धरायची?

धारामापक:

नमस्कार. आमच्या चाचणी विभागात १०० अँपिअरपर्यंतची डीसी धारा मोजण्यासाठी १ मिलिओमचा एक प्रिसिजन शंट आहे, म्हणजे अचूक माहीत असलेला लहानसा रोध; त्यावरचे व्होल्टेज मोजून धारा काढतात. तो नुकताच कॅलिब्रेशन होऊन परत आला. या वेळच्या प्रमाणपत्रात एक नव्हे, तीन किमती दिल्या आहेत: १० अँपिअरला १.००००१२ मिलिओम, ५० अँपिअरला १.००००२८ मिलिओम आणि १०० अँपिअरला १.००००७८ मिलिओम. विस्तारित अनिश्चितता अनुक्रमे २५, २० आणि २० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), व्याप्ती गुणक २, हवेचे तापमान २३.० अंश सेल्सिअस. शिवाय प्रत्येक वाचन धारा सुरू केल्यावर ३० मिनिटांनी आणि दोन्ही दिशांनी धारा वाहवून घेतल्याची नोंद आहे.

दोन वर्षांपूर्वी हाच शंट दुसऱ्या एका प्रयोगशाळेत गेला होता. त्या प्रमाणपत्रात एकच किंमत आहे: ०.९९९९८५ मिलिओम, अनिश्चितता ४० पीपीएम, तापमान २० अंश. चाचणी धारा १० अँपिअर असल्याचे खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे. म्हणजे उणे १५ पीपीएमवरून शंट अधिक ७८ पीपीएमवर गेला. फरक ९३ पीपीएमचा झाला आणि निर्मात्याने दिलेली मर्यादा नाममात्र किमतीपासून ±१०० पीपीएम आहे. माझ्या वरिष्ठांचे म्हणणे असे की शंट सरकू लागला आहे, तो बाद करून नवीन मागवावा. मला ते पटत नाही, पण खोडून काढण्याइतके ज्ञानही माझ्याजवळ नाही.

आणखी दोन गोष्टी सांगतो, कदाचित उपयोगी पडतील. १०० अँपिअर सोडले की पहिली वीस मिनिटे मिलिव्होल्टचे वाचन हळूहळू वर सरकत राहते आणि मग थांबते. दुसरे असे की १० अँपिअरची पडताळणी कधी आमच्या धारास्रोताशी अगदी जुळते, तर कधी तेच वाचन दीडशे पीपीएमने जास्त येते. प्रमाणपत्रातील ‘त्रुटी’ या रकान्यात अधिक ७८ लिहिले आहे. ते आमच्या वाचनात मिळवायचे की वजा करायचे, यावरूनही आमच्यात दोन मते आहेत. आणि अनिश्चितता २० पीपीएम लिहिली आहे, याचा अर्थ आम्ही आता २० पीपीएमपर्यंत धारा मोजू शकतो, असा घ्यायचा का?

चारटोकी:

शंट बाद करू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांत तो बिघडल्याचा कोणताही पुरावा नाही. उलट तो फार समंजसपणे वागत असल्याचेच दिसते.

९३ पीपीएमचा फरक कसा आला ते पाहा. तुम्ही जुन्या प्रमाणपत्रातील १० अँपिअरची किंमत नव्या प्रमाणपत्रातील १०० अँपिअरच्या किमतीशेजारी ठेवली. शंटमध्ये होणारा शक्तिक्षय धारेच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १० अँपिअरला तुमच्या शंटमध्ये ०.१ वॅट, ५० अँपिअरला २.५ वॅट आणि १०० अँपिअरला पूर्ण १० वॅट उष्णता निर्माण होते. शंटमधल्या मँगनीन या मिश्रधातूच्या पट्ट्या तापतात, त्यांचा रोध थोडा बदलतो, आणि तो बदललेला रोधच प्रयोगशाळेने मोजून दिला आहे. नव्या तीन किमती धारेऐवजी वॅटच्या अक्षावर मांडून पाहा. ०.१ वॅटवरून १० वॅटवर जाताना ६६ पीपीएमची वाढ आहे, म्हणजे दर वॅटला साधारण ६.७ पीपीएम. या हिशेबाने २.५ वॅटला १२ अधिक १६, म्हणजे २८ पीपीएम यायला हवेत, आणि प्रमाणपत्रात नेमके तेवढेच आहेत. तीन बिंदू एका रेषेवर बसणे हे चांगले लक्षण आहे. वीस मिनिटे वाचन वर सरकते तेही याच कारणाने: शंट तापून समतोलाला येत असतो. प्रयोगशाळेने ३० मिनिटे थांबल्याचे लिहिले आहे, ते उगीच नव्हे; १०० अँपिअर सोडल्यावर दुसऱ्याच मिनिटाला घेतलेल्या वाचनाला १.००००७८ ही किंमत लागू होत नाही.

तुलना करायचीच तर १० अँपिअरची १० अँपिअरशी करावी. उणे १५ वरून अधिक १२, म्हणजे २७ पीपीएम. त्यातही पहिले मोजमाप २० अंशांना आणि दुसरे २३ अंशांना झाले आहे. तुमच्या शंटच्या माहितीपत्रकात तापमान गुणांक पाहा. तो समजा दर अंशाला अधिक ५ पीपीएम असेल, तर तीन अंशांचे १५ पीपीएम तिथेच जातात आणि उरतात १२. आता दोन्ही प्रमाणपत्रांच्या अनिश्चिततांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले, तर ४० आणि २५ यांचे मिळून सुमारे ४७ पीपीएम होतात. १२ भागिले ४७ म्हणजे पाव. तापमानाची दुरुस्ती अजिबात केली नाही, तरी २७ भागिले ४७, म्हणजे ०.५७. हे गुणोत्तर १ च्या आत असेल, तर दोन मोजमापे एकमेकांशी सुसंगत मानली जातात. वरिष्ठांना एवढा एक परिच्छेद दाखवला तरी पुरे.

कोणती किंमत वापरायची, याचे उत्तर मोजायची धारा किती आहे यावर ठरते. १०० अँपिअर मोजताना १.००००७८, १० अँपिअर मोजताना १.००००१२. मधल्या धारेसाठी धारेच्या नव्हे, तर शक्तिक्षयाच्या प्रमाणात अंतर्वेशन करा, म्हणजे दोन ज्ञात किमतींमधली किंमत काढा. ८० अँपिअरला ६.४ वॅट होतात. त्यावरून ५४ पीपीएम येतात. धारेच्या सरळ प्रमाणात काढले असते तर ५८ आले असते. चार पीपीएमचा हा फरक तुमच्या कामात कदाचित बुडून जाईल, पण पद्धत चुकीची ठेवण्याचे काही कारण नाही. मात्र १०० अँपिअरच्या पुढे ही रेषा वाढवू नका. मँगनीनच्या रोधाचा तापमानाशी असलेला संबंध सरळ रेषेचा नसून उलट्या कटोरीसारखा असतो: माथ्याच्या अलीकडे रोध तापमानासोबत वाढतो आणि पलीकडे घटू लागतो. तुमचा शंट सध्या माथ्याच्या अलीकडच्या बाजूला चालतो आहे. आणखी तापल्यावर तो कुठे वळेल, हे या तीन बिंदूंवरून सांगता येणार नाही.

चिन्हाबाबत. शंटचा खरा रोध नाममात्र किमतीपेक्षा ७८ पीपीएमने जास्त आहे, त्यामुळे १०० अँपिअर वाहत असताना व्होल्टमीटरवर १००.००७८ मिलिव्होल्ट दिसतील. तुम्ही त्याला १ मिलिओमने भागले तर १००.००७८ अँपिअर असे जास्तीचे उत्तर येईल. म्हणून धारेत करायची दुरुस्ती उणे ७८ पीपीएम. खरे तर मिळवण्या-वजा करण्याच्या भानगडीत पडूच नये. मिलिव्होल्टच्या वाचनाला प्रमाणपत्रातील रोधाने भागावे, म्हणजे चिन्ह चुकण्याची शक्यताच राहत नाही. मी आमच्याकडच्या सगळ्या तक्त्यांतून ‘त्रुटी’ हा रकाना याच कारणासाठी काढून टाकला आहे.

सेतुमापन:

वरील उत्तराशी सहमत आहे. अनिश्चिततेचा प्रश्न राहिला आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त गैरसमज तिथेच होतात, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

२० पीपीएम हा आकडा तुमच्या शंटचा गुणधर्म नाही. त्या दिवशी, त्या धारेला, त्या तापमानाला आणि त्या जोडणीत शंटचा रोध किती होता, हे प्रयोगशाळेला किती खात्रीने सांगता येते, त्याचे ते माप आहे. व्याप्ती गुणक २ म्हणजे खरी किंमत दिलेल्या पट्ट्यात असल्याची खात्री सुमारे ९५ टक्के. शंट तुमच्याकडे परत येताना, पुढचे वर्षभर कपाटात आणि टेबलावर असताना त्यात काय बदल होईल, याची जबाबदारी त्या आकड्यात नसते. ती तुम्ही घ्यायची असते.

अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडतो. यातील प्रमाणपत्राचा आकडा तुमचा आहे, बाकीचे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रमाणपत्राचे २० पीपीएम २ ने भागून प्रमाण अनिश्चितता १०. वर्षभरातील सरकण्यासाठी माहितीपत्रकात २५ पीपीएम दिले असतील, तर त्याला ३ च्या वर्गमूळाने भागून १४.४. खोलीचे तापमान २३ अंशांच्या तीन अंश वर-खाली होत असेल, तर १५ पीपीएमचे ८.७. शंट पूर्ण तापला नसताना घेतलेल्या वाचनांसाठी १० पीपीएम धरले तर ५.८. आणि व्होल्टमीटरच्या १०० मिलिव्होल्टच्या पल्ल्यावरील ३५ पीपीएमचे २०.२. सर्वांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ जवळपास २८.७ येते, आणि दुप्पट केल्यावर ५७ पीपीएम. म्हणजे २० पीपीएमच्या प्रमाणपत्रावरून ५७ पीपीएमचे मोजमाप मिळाले. त्यातला सर्वांत मोठा वाटा शंटचा नसून व्होल्टमीटरचा आहे, याकडे लक्ष द्या. नवीन शंट मागवून हा आकडा फारसा सुधारणार नाही.

एक सूक्ष्म गोष्ट राहते. प्रयोगशाळेच्या २० पीपीएममधला मोठा भाग तिन्ही बिंदूंना सामाईक असतो: तोच संदर्भ रोध, रोधांची तुलना करणारे तेच उपकरण, म्हणजे धारा-तुलनित्र सेतू. संदर्भ रोधात काही चूक असेल तर ती तिन्ही किमतींना सारखीच ढकलते. म्हणून १० आणि १०० अँपिअरमधला ६६ पीपीएमचा फरक त्या किमतींपेक्षा अधिक खात्रीचा असतो. दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या प्रमाणपत्रांमध्ये असे सामाईक काही गृहीत धरता येत नाही; तिथे वर्गांची बेरीजच करावी लागते, जशी वर केली आहे.

±१०० पीपीएमच्या मर्यादेबद्दल. अधिक ७८ आणि अनिश्चितता २० मिळून ९८ होतात, म्हणजे अनिश्चितता पूर्णपणे विरोधात धरली तरी शंट मर्यादेत आहे, अगदी काठावर का होईना. प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार प्रयोगशाळेने ‘मर्यादेत आहे’ असे विधान केले, तर ते कोणत्या निर्णय-नियमाने केले, म्हणजे त्यात अनिश्चितता कशी धरली, हे सांगणे बंधनकारक आहे. तुमच्या प्रमाणपत्रात तसे विधान नसेल, तर पुढच्या वेळी काम देतानाच नियम ठरवून घ्या. त्याआधी माहितीपत्रकात ही मर्यादा कोणत्या धारेला आणि कोणत्या तापमानाला सांगितली आहे तेही पाहा. अनेकदा ती कमी शक्तिक्षयासाठी असते, आणि तसे असेल तर तुमचा शंट अधिक १२ वर, म्हणजे मर्यादेच्या अगदी मध्याजवळ उभा आहे.

सरकण्याबद्दल बोलायला दोन बिंदू अपुरे आहेत. नव्या शंटमध्ये घडणीच्या वेळचे ताण पहिल्या एक-दोन वर्षांत सैल होतात आणि किंमत तेव्हाच जास्त हलते. नंतर ती बहुधा स्थिरावते. पुढची दोन कॅलिब्रेशने याच प्रयोगशाळेकडून, याच तीन धारांना आणि २३ अंशांनाच करून घ्या, आणि मग आलेख काढा.

मँगनीन:

१० अँपिअरचे ते दीडशे पीपीएम मला शंटचे वाटत नाहीत. १० अँपिअरला शंटवर फक्त १० मिलिव्होल्ट असतात; तिथे एक मायक्रोव्होल्ट म्हणजे १०० पीपीएम. तांबे आणि मँगनीन यांच्या सांध्यावर दर अंशाला एक-दोन मायक्रोव्होल्टचे औष्णिक विभव तयार होते. शंटचे एक टोक दुसऱ्यापेक्षा अंशभर गरम असले, तरी तेवढे पुरते. तुमची १० अँपिअरची पडताळणी कधी १०० अँपिअरच्या चाचणीनंतर लगेच होते का, ते आठवून पाहा.

तपासणे सोपे आहे. आधी व्होल्टमीटरच्या तारा तांब्याच्या तारेने एकमेकींना जोडून मीटरचे शून्य नोंदवा. १०० अँपिअर अर्धा तास वाहू द्या, धारा बंद करा आणि ताबडतोब शंटच्या विभव-टोकांवरचे (जिथे व्होल्टमीटर जोडतात तिथले) वाचन घ्या. धारा नाही, तरी जे मायक्रोव्होल्ट उरलेले दिसतील ते औष्णिक विभव. प्रयोगशाळेने दोन्ही दिशांनी वाचन घेऊन फरकाचा अर्धा केला, त्यात हे विभव निघून जाते. तुम्ही एकाच दिशेने मोजत असाल, तर ते तुमच्या उत्तरात तसेच राहते. कमी धारेला प्रमाणपत्रातली अनिश्चितता २५ आणि जास्त धारेला २० का, याचे एक कारणही हेच असू शकते: लहान विभव मोजणे नेहमीच कठीण.

आणि जोडणीकडे लक्ष द्या. शंटच्या प्रत्येक टोकाला धारेसाठी दोन बोल्ट असतील, तर दोन्ही वापरा, केबलच्या चकत्या पितळी ठोकळ्यावर पूर्ण टेकू द्या आणि बोल्ट दर वेळी सारख्याच ताकदीने आवळा. ठोकळ्यात धारा कशी पसरते यावर विभव-टोकांमधला रोध थोडा अवलंबून असतो. आमच्याकडे एकदा केबल ठोकळ्याच्या पुढच्या तोंडाऐवजी बाजूला लावली गेली आणि वाचन कित्येक दहा पीपीएमने हलले. अर्धा दिवस आम्ही व्होल्टमीटरला दोष देत बसलो होतो. शंट प्रयोगशाळेत पाठवताना जोडणीचे छायाचित्र सोबत द्यावे, म्हणजे तेही तशीच जोडणी करतात. पट्ट्या उभ्या ठेवायच्या की आडव्या, हेही त्यात कळवावे, कारण हवा कशी फिरते यावर तापणे ठरते.

धारामापक:

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे करून पाहिले.

माहितीपत्रकात तापमान गुणांक दर अंशाला अधिक ५ पीपीएम इतकाच निघाला. मधल्या पट्टीला बारीक थर्मोकपल लावून १०० अँपिअर सोडले; ३५ मिनिटांनी पट्टी खोलीपेक्षा १४ अंशांनी गरम होती. ६६ पीपीएमला ५ ने भागले तर सरासरी १३ अंश येतात, म्हणजे हिशेब जुळतो.

मग धारा बंद केली. मीटरचे शून्य वजा केल्यावर १.६ मायक्रोव्होल्ट उरले होते आणि ते पुढच्या दहा-बारा मिनिटांत हळूहळू विरून गेले. १० मिलिव्होल्टमध्ये १.६ मायक्रोव्होल्ट म्हणजे १६० पीपीएम. नोंदवही चाळली, तर जास्त आलेली प्रत्येक पडताळणी दुपारच्या मोठ्या चाचण्यांनंतरची होती आणि जुळलेली सकाळची. शंट गरम असतानाच १० अँपिअर दोन्ही दिशांनी वाहवून फरकाचा अर्धा घेतला, तेव्हा वाचन धारास्रोताशी १२ पीपीएममध्ये जुळले. वरिष्ठांनी तो कागद स्वतः पाहिला आणि नवीन शंटची मागणी थांबवली आहे.

एकच शेवटचा प्रश्न. हाच शंट ५० हर्ट्झच्या एसी शक्तीच्या मोजमापासाठी वापरण्याचा विचार आहे. हे प्रमाणपत्र तिथे चालेल का?

सेतुमापन:

चालणार नाही, ते फक्त डीसीसाठी आहे. इतक्या कमी रोधाला प्रेरकत्व फार लवकर भारी पडते. समजा विभव-तारांच्या फाशासह ते १० नॅनोहेन्री आहे. ५० हर्ट्झला त्याची प्रतिक्रिया, म्हणजे प्रेरकत्वामुळे एसी धारेला होणारा विरोध, ३.१४ मायक्रोओम होते, म्हणजे रोधाच्या ०.३१ टक्के. ती रोधाशी काटकोनात असल्याने एकूण परिमाण फक्त ५ पीपीएमने वाढते, आणि निव्वळ धारा मोजण्यासाठी ते सहज चालून जाते. पण कला-कोन, म्हणजे धारा आणि व्होल्टेज यांच्या लाटांमधले अंतर, ३.१४ मिलिरेडियनने सरकतो. शक्ती गुणक ०.५ असलेल्या प्रेरकीय भारावर एवढ्या कोनामुळे शक्तीचे वाचन ०.५४ टक्क्यांनी जास्त येईल, म्हणजे ५,४०० पीपीएम. रोधाच्या २० पीपीएमला तिथे काही अर्थ उरत नाही. १ किलोहर्ट्झला तर परिमाणही ०.२ टक्क्यांनी वाढते.

या कामासाठी समाक्ष किंवा पिंजरा रचनेचा शंट घ्या, ज्यात जाणारी आणि येणारी धारा एकमेकींचे चुंबकीय क्षेत्र बहुतांशी मारून टाकतात, आणि त्याच्या प्रमाणपत्रात लागणाऱ्या प्रत्येक वारंवारतेसाठी एसी-डीसी फरक आणि कला-कोन असे दोन्ही आकडे मागून घ्या.

मँगनीन:

तोपर्यंत याच शंटवर ५० हर्ट्झची नुसती धारा मोजायची असेल, तर विभव-टोकांपासूनच्या दोन्ही तारा एकमेकींभोवती घट्ट पिळून घ्या आणि शंटच्या अंगालगत न्या. त्या दोन तारांमधला मोकळा फासा जेवढा लहान, तेवढे ते १० नॅनोहेन्री कमी होतील.